रेवती खाली उतरली

सत्यशीलानं ती बातमी दिवसभर पदराआड दिवा जपावा तशी जपली. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत ती उगवण तपासायचं काम करायची. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, कोणत्या सरकीला मोड आला, कोणती मुकी राहिली ते बघायचं. त्या दिवशी प्रत्येक मोड बघून तिला आपलं हसूच येत होतं. संध्याकाळी घरी आली, सासूला चहा करून दिला आणि गच्चीवर जाऊन फोनची वाट बघत बसली. नवरा कर्नाटकातल्या जंगलात. तिथं टेकाडावर चढलं तरच रेंज यायची. तो चढणार, फोन लावणार, मग ही सांगणार, असा सगळा बेत होता.

फोन आला. ही "ऐका ना" म्हणेपर्यंत तोच ओरडला, "शीला, खुशखबर! रेवती गाभण हाय! दोन म्हैने झाले, नराकडं फिरकली न्हाई. बिलकुल पक्कं!"

सत्यशीलानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पण," ती म्हणाली.

आता यावर पुढं काय बोलायचं असतं? देवानंद वाईट माणूस नव्हता. त्याला अर्थ कळला तेव्हा तो टेकाडावरच मटकन बसला, रडला, आईला फोन दे म्हणाला. "सातवा लागला की घरी येतो, बाळंतपण होईस्तोवर हलणार न्हाई," असा शब्दही त्यानं दिला. सगळं बरोबर केलं. पण आनंदाची पहिली आरोळी माकडिणीच्या नावानं ठोकली होती, ती काही परत घशात जात नाही.

रेवती ही वानरीण. सिंहपुच्छ वानर म्हणतात त्या जातीला. अंग काळं कुळकुळीत, तोंडाभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. सह्याद्रीचा दक्षिणेकडचा भाग सोडला तर जगात कुठंच नाही, आणि तिथंही आता काही हजारच उरलेले. झाडावर जन्मायचं, झाडावर खायचं, पानांवरचं पाणी प्यायचं. जमिनीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही एकच पिल्लू. त्यामुळं टोळीतली एक मादी पोटुशी राहिली तरी देवानंदला दिवाळी. वानरांवर नजर ठेवायची, त्यांच्या नोंदी करायच्या, हीच त्याची नोकरी. पाच वर्षं तो त्या टोळीमागं मान वर करून हिंडत होता.

हे सगळं सत्यशीलाला पाठ होतं. तिला राग होता तो नावाचा. साखरपुड्यानंतर दोघं मोतीतलावाच्या काठावर बसले होते, तेव्हा तिनं लाजत लाजत सांगितलं होतं, मुलगी झाली तर नाव रेवती ठेवायचं. देवानंद म्हणाला, फार छान. महिनाभरात जंगलात परत गेला आणि टोळीतल्या सगळ्यांत देखण्या मादीला तेच नाव देऊन मोकळा झाला. वर कौतुकानं फोन करून सांगितलं. "तुझीच आठवण म्हणून दिलं गं," म्हणे!

तर मत्सर म्हणजे मत्सर. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. बाई असती तर भांडता आलं असतं, माहेरी निघून जाता आलं असतं, दोन नातेवाइकांना मध्ये घालता आलं असतं. माकडिणीचं काय करणार? कुणाला सांगायची सोय नाही, लोक हसतील. आणि फोनवर रोज तेच चालायचं. रेवतीनं आज फणस फोडला. रेवतीला उंबरं नकोशी झालीत. रेवती आताशा दुपारची फार झोपते.

"मी पण झोपते," सत्यशीला म्हणायची.

"हां, झोप, झोप. आराम कर," तो म्हणायचा आणि पुन्हा फणसावर यायचा.

पन्नास फूट उंचीवरच्या माकडिणीचं पोट ज्याला खालून दिसलं, त्याला व्हिडिओ कॉलवर बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसेनात.

सासूच्या मात्र सगळं लक्षात आलं. गोपिकाबाई जाफराबादकडच्या. नवरा रायभान मेंढरं राखायचा. तो गेल्यावर त्या जालन्याला सुनेपाशी येऊन राहिल्या होत्या. भाकरी थापता थापता एक दिवस त्या म्हणाल्या, "बाप मेंढरामागं, ल्योक वानरामागं. वळणाचं पाणी वळणालाच जातं, माय. देवाचा बाप आठ-आठ म्हैने घरी नसायचा. आला तरी झोपंत तोंडात 'लाडी, लाडी'. लाडी म्हंजी म्होरकी मेंढी व्हती. लई जळायची म्या तिच्यावर."

"मंग काय केलं, आत्याबाई?"

"काय करती? तिच्या पाण्यात मिठाची मूठ टाकली. म्हनलं, खारट लागंल, तोंड वाकडं करंल. तर मेंढीला मीठ लई आवडतं! चाटूनपुसून प्याली आन् दुसऱ्या दिशी माझ्याच मागं. जाईन तिथं लाडी. म्हातारा हसून हसून बेजार झाल्ता."

सत्यशीलाही पोट धरून हसली. हसण्यावारीच नेली तिनं ती गोष्ट, तिथंच चुकलं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीण म्हणाली, जायचं तर आत्ता जाऊन या, पुढं प्रवास नको. सत्यशीलानं लगेच ठरवलं. नवऱ्याला भेटायचं हे तर होतंच, पण खरं म्हणजे तिला ती बघायची होती. गुळातले शेंगदाण्याचे लाडू केले, वेलची जास्त घालून, त्याला आवडतात तसे. एकटीला कसं पाठवायचं म्हणून गोपिकाबाई बरोबर निघाल्या. आधी रेल्वे, मग बस, मग जीप, अशी मजल दरमजल करत दोघी शरावतीच्या खोऱ्यातल्या त्याच्या मुक्कामी पोचल्या. सगळीकडं ओल, भिंतींना शेवाळ, दांडीवरचे कपडे दोन दिवसांचे ओलेच. देवानंदची दाढी छातीला टेकायला आलेली. त्यानं आईच्या पाया पडून घेतलं, बायकोला बसायला खुर्ची दिली, लाडवाचा डबा उघडला आणि स्वयंपाक्यापासून जीपवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटला. स्वतः एक अर्धा खाल्ला. "मस्त झाल्यात," म्हणाला, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली तसा उरलेला अर्धा ताटलीत ठेवून पळाला. तो अर्धा लाडू तिथंच पडून मुंग्यांनी नेला. डब्याच्या तळाशी चार राहिले होते, ते सत्यशीलानं गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोघींना रेवती दाखवायला घेऊन गेला. त्या जंगलाच्या मधून डांबरी रस्ता गेलेला आहे. तो रुंद करताना कडेची झाडं पाडली, आणि या फांदीवरून त्या फांदीवर जायची वानरांची वरची वाट तुटली. आजूबाजूला जंगल तोडून सुपारीच्या बागा लावलेल्या. एका वळणावर मात्र दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांचे शेंडे रस्त्यावर एकमेकांना टेकलेले होते. वानरांना इकडून तिकडं जायला तेवढीच जागा. म्हणून देवानंदचा सगळा जीव त्या वळणात.

त्यानं जीप कठड्यापाशी लावली आणि बोट वर केलं.

ती बसली होती. सत्यशीलाला ओळखायला वेळ लागला नाही, कारण तिनं रेवतीकडं आधी पाहिलंच नाही, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. मान वर, ओठ थोडे उघडे, डोळ्यांत पाणी येईल की काय असं. साखरपुड्याच्या दिवशी तो तिच्याकडं असा बघत होता, एकदाच. ते बघणं फक्त आपल्यासाठी आहे अशी तिची समजूत होती. आतल्या आत ती अशी जळाली की तिला वाटलं, धूर दिसेल.

"पाच वर्षांत एकदाबी खाली उतरलेली न्हाई," देवानंद हळूच म्हणाला. "इथल्या दुसऱ्या टोळ्यांना लोकांनी केळी देऊन देऊन रस्त्यावर आणलं. गाड्यांखाली मेली किती तरी. माझी टोळी मात्र अजून वरच हाय. शीला, आई, नुसतं बघायचं हां. पिशवी उघडायची न्हाई, खायचं काढायचं न्हाई. मी वरच्या अंगाला नर कुठं हाय तेवढं बघून येतो."

तो चढावर दिसेनासा झाला. जीपवाला तोंडावर रुमाल टाकून झोपला.

गोपिकाबाई कठड्यावर टेकून वर बघत होत्या. त्यांच्या गावच्या मारुतीच्या पाराला वानरं असतात. शनिवारी त्यांना फुटाणे-केळी द्यायची, वानर मेलं तर गावानं खांदा द्यायचा, दहावं घालायचं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. "पोटुशी हाय की गं बिचारी," त्या म्हणाल्या. "पोटुशी बाई दारी आली तर तिला रिकामं धाडू न्हाई. आपल्याकडं काई असतं तर तिची वटी भरली असती. देवा नको म्हनला खरं. तुला काय वाटतं, शीला?"

एका घासानं काय होतं ते गोपिकाबाईंना ठाऊक नव्हतं. सत्यशीलाला सगळं ठाऊक होतं. पाच वर्षं फोनवर दुसरं काही ऐकलंच नव्हतं तिनं. एक शब्द बोलायचा होता, 'नको'. तिनं पर्स उघडली, लाडू काढला आणि कठड्यावर ठेवला.

"द्या ना, आत्याबाई," ती म्हणाली. "वटी भरायला काय हरकत हाय?"

तिला काय हवं होतं ते स्पष्टच सांगायला हवं. तिला ती खाली यायला हवी होती. नवऱ्याला मान वर करायला लावणारी ती राणी पारावरच्या माकडासारखी हात पसरताना तिला बघायची होती.

रेवतीनं बराच वेळ नुसतं पाहिलं. मग एक फांदी खाली आली. थांबली. आणखी एक फांदी. वेलचीचा वास असेल, गुळाचा असेल, कशाचा कोण जाणे. सत्यशीला मनात म्हणत होती, ये, ये, उतर, बघू दे तुला. आणि ती उतरली. कठड्यावर हाताच्या अंतरावर येऊन बसली. जड पोट मांड्यांवर ठेवून, आपल्याकडच्या बायका सातव्या-आठव्यात बसतात तशीच. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. रेवतीनं लाडू उचलला, वास घेतला, खाल्ला, बोटं चाटली. मग हात पुढं केला, आणखी मागायला. तिची बोटं सत्यशीलाच्या तळव्याला लागली. ऊन होती, कोरडी होती.

दुसरा लाडू दिला. तिसरा. वर फांद्या हलल्या आणि आणखी तीन-चार काळी अंगं खाली उतरली. एक तर सरळ डांबरावरच. वळणावरून एक ट्रक हॉर्न मारत आला, करकचून ब्रेक लागला आणि सगळी उधळली. कुणाला लागलं नाही. रेवती तेवढी जागची हलली नाही. चौथा लाडू खात बसली होती.

चढावरून देवानंद धावत आला तो हे बघून थांबला. ओरडेल, हात उगारेल, निदान आईवर चिडेल, असं सत्यशीलाला वाटलं होतं. त्यानं काहीच केलं नाही. रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"तुमची रेवतीबी तसलीच की," सत्यशीला म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं तिच्या. "एका लाडवाला उतरली. आपल्या मारुतीच्या पाराला असत्यात तसलीच भिकारी निघाली."

देवानंदनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"भिकारी नव्हती," तो म्हणाला. "आता झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी कठड्यावर हजर. तिसऱ्या दिवशीही. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या, लोक हौसेनं वेफर, केळी, बिस्किटं टाकू लागले, पोरं फोटो काढू लागली. देवानंद हातात काठी घेऊन वळणावर उभा. गाड्यांना पुढं हाकायचं, वानरांना वर हाकायचं. ज्या टोळीला पाहून तो श्वास रोखायचा, तिच्यावर आता डबे बडवायचे. वरिष्ठांना त्यानं कळवलं, कुणीतरी प्रवाशानं खायला घातलं. बायकोचं नाव घेतलं नाही. सत्यशीला आणि गोपिकाबाई जालन्याला परतल्या तेव्हा बसपर्यंत सोडायलाही त्याला येता आलं नाही.

गाडीत गोपिकाबाई म्हणाल्या, "म्या तुला इचारलं. तू द्या म्हनली. तुला म्हाईत व्हतं ना गं?"

सत्यशीला खिडकीबाहेर बघत राहिली. सासूनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणंच तिला फार लागलं.

सहाव्यात असताना निरोप आला, रेवती बाळंत झाली. फोटो आला. काळ्या छातीला चिकटलेलं एवढंसं पोर. सत्यशीलानं फोटो मोठा करून बघितला तो पोराकरता नाही, मागची जागा कोणती ते बघायला. मागं कठडा होता.

सातवा लागला. डोहाळजेवणाचा दिवस ठरला, हिरवी साडी आली, झोपाळ्याला फुलं बांधली. कंपनीतल्या मीनानं पुठ्ठ्याचा धनुष्यबाण करून आणला. दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. सत्यशीलानं उचलली त्या वाटीखाली बर्फी निघाली. मुलगी, मुलगी, म्हणून बायका ओरडल्या. देवानंद आला नव्हता. सकाळी फोन आला होता. "रविवार हाय, गाड्या लई असतात. आम्ही दोघंच हाओत, दुसरा पलीकडच्या टोळीवर. मी हललो की ती रस्त्यावर येते, शीला. पोर छातीला घेऊन येते."

"हां," सत्यशीला म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? ज्या बयेपासून नवऱ्याला ओढून आणायला ती गेली, तिच्याच पायाशी त्याला आपल्या हातानं बांधून आली होती. चार लाडवांत. ती झोपाळ्यावर बसली होती, बायका ओवाळत होत्या आणि तिच्या मनात तेच येत होतं, की आत्ता तो तिच्याकडं बघत असेल. काठी घेऊन का होईना, पण तिच्याकडंच.

आठवा गेला, नववा भरत आला. आणि मग एक दिवस दुपारी फोन. कठड्याजवळच्या एका जागी उभं राहिलं तर थोडी रेंज येते, हे त्याला आता सापडलं होतं.

"शीला, उद्या निघून राह्यलो. तिकीट काढलंय."

किती महिने या एका वाक्यासाठी ती झुरली होती. तिला वाटलं होतं, ऐकलं की छाती भरून येईल. आली देखील. आपण जिंकलो, असं अगदी स्वच्छ वाटलं तिला.

"वळणावर मंग कोण?" तरी तिनं विचारलं.

"कुणी न्हाई. पंधरा दिवसांनी माणूस देतो म्हणलेत. तोवर बघू. नशीब तिचं. पण मी येतो. तुला शब्द दिल्ता."

"बरं."

"एक सांगू का? सांगावं का न्हाई, कळंना." मागून एक गाडी गेल्याचा आवाज आला. "लोकांनी इतकं टाकलं, पण बाकीची वानरं हाकलली की जातात. रेवती जात न्हाई. सकाळपासून पोर घेऊन त्याच जागी बसते, तू लाडू ठेवला होता ना, बराबर तिथंच. पुरुष उतरला तर ढुंकून बघत न्हाई. गाडीतून बाई उतरली, खांद्याला पर्स असली, की उठून पुढं येते. तोंड बघते. मंग परत जाऊन बसते. ती तुझी वाट बघते, शीला."

सत्यशीला पलंगावर बसली. वाट बघणं म्हणजे काय ते या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गच्चीवर बसून, झोपाळ्यावर बसून, रोज संध्याकाळी फोन हातात धरून तिनं ते केलं होतं. जगात कुणीतरी आपली अशी वाट बघावी, एवढंच तर तिला हवं होतं. बघत होतं कुणीतरी. पोर छातीशी धरून, डांबरी रस्त्याच्या काठावर. तिला रडू आलं आणि त्या रडण्यात मत्सर किती आणि लाज किती, हे तिचं तिलाच कळेना.

स्वयंपाकघराच्या दारात गोपिकाबाई उभ्या होत्या.

"नका येऊ," सत्यशीला फोनमध्ये म्हणाली.

"काय?"

"नका येऊ म्हणते. इथं आत्याबाई हायेत, मीना हाय, दवाखाना चार पावलांवर हाय. तिला तिथं कोण हाय? तुम्ही निघालात आन् तिला काही झालं, तर ते मी केलेलं असंल. माणूस येऊ द्या, मंग या."

तिकडून देवानंदनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"पण एक काम करा," ती डोळे पुसत म्हणाली, आणि आवाजात जुनी धार परत आली. "नाव बदला तिचं. रेवती माझ्या लेकीचं हाय. मी आधी ठेवलंय."

"आता पाच वर्षांनी? मंग हिला काय म्हणू?"

"शीला म्हणा."

"शीला?"

"दिवसभर तिच्याच नावानं ओरडता ना? मंग तोंडात तेवढं माझं नाव राहू द्या."

तो हसला की रडला ते कळलं नाही, कारण तेवढ्यात तिकडं ट्रकचा हॉर्न वाजला. फोन हातात तसाच चालू ठेवून देवानंद पळत सुटला. "शीला! हट्! वर जा, शीला, वर जा!" तो जीव तोडून ओरडत होता, आणि इकडं जालन्यात पोटावर हात ठेवून सत्यशीला ते ऐकत राहिली.